‘चुलीतल्या मिरची’त सापडलेले नाना

मी जळगाव सोडलं त्या सकाळी पिंप्राळ्यातल्या आमच्या घरासमोर रिक्षा उभी होती आणि आई ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे खानदेशी पापडांचा, डबा तिसऱ्यांदा माझ्या बॅगेत कोंबत होती. बाबा रिक्षावाल्याला सांगत होते, स्टेशनला वेळ आहे, खड्डे बघून चालव. सगळं आवरल्यावर आईने मला आत बोलावलं. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. माझा हात धरून हळू आवाजात म्हणाली, “तिकडे आपल्या खानदेशातलं कोणी भेटलंच, तर बाबांच्या गावचं सांग. माझ्या माहेरचं नाव काढू नकोस.”

कॅनडाला निघालेल्या मुलीला आया काय काय सांगतात. माझ्या आईने एवढंच सांगितलं.

आईचं माहेर धुळ्याचं. जळगावहून नाशिकला जाणारी एसटी धुळ्याच्या स्टँडवर थांबते. सगळे पाय मोकळे करायला उतरतात, चहा पितात. आई कधी उतरली नाही. खिडकीचा पडदा ओढून बसायची. धुळ्यातल्या लग्नांना आहेर कोणाच्या तरी हाती पाठवायची आणि त्या दिवशी तिचं डोकं हमखास दुखायचं.

कारण होते तिचे वडील, माझे नाना. धुळ्याच्या एका छापखान्यात ते कंपोझिटर होते, म्हणजे शिशाचा एकेक खिळा उचलून ओळी जुळवायचं काम. आई आठ वर्षांची असताना मालकाने त्यांना खिळे चोरल्याचा आळ घालून काढून टाकलं. गावभर बोभाटा झाला. शाळेत मुली आईला ‘खिळेचोराची पोर’ म्हणू लागल्या, आणि महिन्याभरात नानांनी बिऱ्हाड जळगावला हलवलं. तिथे एका तेलाच्या गिरणीत कारकुनी केली. चोरी केली की नाही, यावर ते जन्मात एक शब्द बोलले नाहीत. आईनेही विचारलं नाही. विचारलं आणि ‘हो’ म्हणाले तर, ही भीती. मी चौथीत असताना ते गेले. मला आठवतात ते त्यांचे काळसर पडलेले अंगठे आणि वर्तमानपत्र वाचताना आपल्याशीच हसायची सवय.

कॅनडातल्या मिसिसॉगात मला आता चोवीस वर्षं झाली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी, बेसमेंटवालं घर, हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा स्नो काढणं, सगळं अंगवळणी पडलं. मुलगी युनिव्हर्सिटीत गेल्यावर शनिवार मोकळे मिळू लागले, म्हणून जवळच्या लायब्ररीतल्या फॅमिली हिस्टरीच्या ग्रुपमध्ये जाऊन बसू लागले. तिथे सगळ्यांकडे पणजोबांचे दाखले, जहाजांवरच्या प्रवाशांच्या याद्या. माझ्याकडे काहीच नाही. ग्रुप चालवणाऱ्या मार्गरेटबाई सत्तरी उलटलेल्या. त्यांनी एकदा सगळ्यांना स्वतःच्या आजोबांचं व्यंगचित्र दाखवलं, दारू पिऊन चर्चच्या घंटेला लोंबकळणारे. गावातल्या एका टवाळ साप्ताहिकात आलेलं. त्या म्हणाल्या, मोठी वर्तमानपत्रं मोठ्या माणसांची भाषणं छापतात. आपल्यासारख्यांची माणसं शोधायची तर त्यांची थट्टा कोणी केली ते शोधा.

घरी येताना गाडीत मला एकदम आठवलं. धुळ्यात असं एक पाक्षिक निघायचं, नाव ‘चुलीतली मिरची’. आईच्या तोंडूनच कधीतरी ऐकलेलं. चुलीत मिरची पडली की घरातला एकही माणूस खोकल्याशिवाय राहत नाही, म्हणून ते नाव. मी आईला फोन केला.

“ते घाणेरडं पत्र?” ती म्हणाली. “त्यात भल्याभल्यांची अब्रू काढायचे. त्यात आपलं काय असणार, असलं तर वाईटच असेल. तू त्या भानगडीत पडू नकोस.”

मी पडले. गेल्या हिवाळ्यात महिन्याभराची रजा काढून जळगावला आले आणि आईला बाजारात जाते असं सांगून धुळ्याची बस पकडली. तिथल्या एका जुन्या वाचनालयात विचारलं, तर ग्रंथपाल हसले. “ताई, असली पत्रं वाचनालयं ठेवत नसत. ती ठेवायचे फक्त दोन जण. एक काढणारा आणि दुसरा ज्याच्यावर लिहिलं तो. काढणाऱ्याच्या घरी आता कोणी नाही. पण दोंडाईचाला मिरचीचे व्यापारी आहेत पारसभाऊ. त्यांच्या आजोबांना ‘मिरची’ने फार छळलं होतं. बघा जाऊन.”

रात्री घरी परतले आणि दुसऱ्या दिवशी, चार दिवस मैत्रिणीकडे राहते असं आईला सांगून, दोंडाईचा गाठलं. पारसभाऊंचं दुकान बाजारातच. साठीचे, पांढरा सदरा, कपाळावर केशराचं बोट. घराणं राजस्थानातून आलेलं, पण आता तिथलं एक अक्षर बोलता येत नाही, असं ते स्वतःच म्हणाले. मी काम सांगितलं, तर त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. भिंतीला लाल मिरच्यांची पोती आणि कपाटात कापडी बांधणीचे सहा जाड गठ्ठे.

“आमच्या आजोबांना यात ‘ढेरपोटे मारवाडी’ म्हणायचे,” पारसभाऊ म्हणाले. “प्रत्येक अंकात. आजोबा चिडायचे, पण अंक चुकवायचे नाहीत. शिव्या कोण देतंय हे माहीत असलं पाहिजे, म्हणायचे. आणि गंमत सांगू? त्यांना हसू कसं यायचं, दुकानात पाय कसे पसरून बसायचे, हे आम्हाला यातूनच कळलं. आमच्याकडे त्यांचा एक फोटो आहे, त्यात ते नुसते ताठ उभे आहेत.”

मी तीन दिवस त्या खोलीत बसले. शिंकून शिंकून नाक लाल झालं. हळूहळू ‘मिरची’ वाचायची रीत कळली. नावं सगळी खोटी, पण गल्ली खरी, भांडणाचं कारण खरं, कोणाच्या छपरावर कोणाची बकरी चढली तेही खरं. नळावरची बाचाबाची, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी किती पुरणपोळ्या खाल्ल्या, मास्तरांच्या टोपीचा रंग. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं अख्खं धुळं तिथे खोकत, शिंकत, भांडत उभं होतं. आणि शेवटच्या पानावर खानदेशी बोलीतलं एक सदर असायचं. लिहिणाऱ्याचं नाव बाबूराव उलटवाचे.

असं आडनाव मी कधी ऐकलं नव्हतं. टोपणनाव आहे हे उघड होतं. पण हसून हसून पोट दुखेल असं लिहायचा तो माणूस. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या घरच्या गमती वाचत होते आणि एका ओळीवर थांबले.

“आमनी ठमी पाटीवर बठ्ठा अक्षरं उलटा काढस. मास्तर म्हणस, हाई पोर उलटी शे. मी म्हणस, मास्तर, तुम्ही तिकडथून बसा, बठ्ठं सुलटं दिसी.”

आईने मला लहानपणी कितीदा तरी सांगितलं होतं, की ती पहिलीत सगळी अक्षरं उलटी काढायची आणि मास्तरांची छडी खायची. कारण तिला अक्षरओळख झाली ती नानांच्या खिळ्यांवरून, आणि छपाईच्या खिळ्यावर अक्षर उलटंच असतं. कंपोझिटर दिवसभर उलटंच वाचतो. उलटवाचे.

मी मोठ्याने “नाना!” म्हणाले. पारसभाऊ धावत आत आले, त्यांना वाटलं पोतं अंगावर पडलं.

मग आम्ही दोघं मिळून पुढचे अंक चाळू लागलो. त्यांनी दुकान भाच्यावर सोपवलं. निवडणुकीच्या सुमाराच्या एका सदरात उलटवाचेंनी लिहिलं होतं, की गावातले दोन उमेदवार एकमेकांच्या तोंडावर थुंकतात, पण दोघांची पत्रकं एकाच छापखान्यात, एकाच मजकुरानं छापली जातात. मालक वरचं नाव तेवढं बदलतो आणि दोघांना सांगतो की हा मजकूर खास तुमच्यासाठी लिहिला. हे ठाऊक असणार फक्त जुळवणाऱ्याला. त्यानंतरच्या अंकात सदर नव्हतं. सदराच्या जागी काळी चौकट आणि आत कोरा कागद. खाली संपादकांनी लिहिलं होतं:

“आमचे उलटवाचे यांस गाव सोडावे लागले. ज्या मालकास त्यांचे लिहिणे झोंबले, त्याने त्यांस खिळेचोर ठरविले. ते खिळे आम्ही त्याच मालकाकडून मोडीत विकत घेतले असून, त्याची पावती कार्यालयाच्या दारावर टांगली आहे. डोळे असतील त्याने येऊन वाचावी. ही जागा त्यांची आहे. ते परत येईपर्यंत इथे दुसरे कोणी बसणार नाही.”

पुढचे सात अंक ती चौकट कोरीच होती. मग गठ्ठे संपले.

पारसभाऊंनी चष्मा काढून पुसला. “आमच्या आजोबांवर सगळ्यात जहाल यांनीच लिहिलंय हो,” ते म्हणाले. “घेऊन जा फोटो. सगळ्या पानांचे घ्या.”

पिंप्राळ्याला परतले ती संध्याकाळ. आई मेथी निवडत होती. मी फोन पुढे केला तर तिने मान फिरवली. “मला नाही बघायचं. तू धुळ्याला गेली होतीस, मला कळलंय. बसचं तिकीट ओट्यावर विसरलीस.”

“बघू नकोस. ऐक.” मी वाचू लागले. माझी खानदेशी आता अडखळते. दुसऱ्याच वाक्याला आईने टोकलं, “‘बघतो’ नाही, ‘दखस’ म्हण, ‘दखस’.” तिसऱ्या वाक्याला ती हसली. ठमीच्या पाटीची ओळ आली तेव्हा तिच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

“हे कोणी लिहिलंय?”

“नानांनी.”

मग तिला संपादकांची ती ओळ वाचून दाखवली. एकदा. दोनदा. आईने मेथी बाजूला सारली. म्हणाली, “मग त्यांनी आम्हाला सांगितलं का नाही गं?”

मला ठाऊक नाही. कदाचित तो अंक जळगावपर्यंत पोचलाच नसेल. कदाचित आपण उलटवाचे हे कळलं तर गिरणीतली नोकरीही जाईल, असं वाटलं असेल, घरात तीन लेकरं होती. मी तिला एवढंच सांगितलं. तिने डोळे पुसले, ताठ बसली आणि म्हणाली, “बठ्ठं वाच. पहिल्यापासून.” आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशी पूर्ण खानदेशीत बोलली. तिला वाटायचं, ती बोली आपण धुळ्यालाच सोडून आलोय.

त्या आठवड्यात धुळ्याला आईच्या आतेभावाच्या नातीची हळद होती. पत्रिका आली होती, आहेराचं पाकीटही तयार होतं. आदल्या दिवशी आईने ते पाकीट माझ्या हातून काढून घेतलं. “मीच नेते,” म्हणाली. एसटी धुळ्याच्या स्टँडवर थांबली तेव्हा सगळ्यांच्या आधी ती उतरली, ब्याऐंशी वर्षांची बाई, कंडक्टर हात द्यायला आला तर म्हणाली, “राहू दे भाऊ, माझं गाव शे हाई.”

मांडवात हळद लागून झाल्यावर जेवणाआधी आई उभी राहिली. हातात माझ्या फोटोंवरून छापून आणलेली पानं. न विचारता तिने नानांचं सदर वाचायला सुरुवात केली, बाहेरगावच्या जावयाच्या खाण्यावरचं. आधी म्हाताऱ्यांना कळलं, मग पोरींना, मग स्वयंपाक्यांनीही झारे थांबवले. नवरदेवाकडची माणसं डोळे पुसेपर्यंत हसली. शेवटी आईने संपादकांची ओळ वाचली आणि कागदाची घडी घालत म्हणाली, “हे माझे वडील. खिळेचोर म्हणायचे ना, ते.”

मग मागच्या खुर्चीवरून सिंधूअक्का उठल्या. आईच्या वर्गातल्या, आता पाठीत वाकलेल्या. काठी टेकत जवळ आल्या. “मीच तुले तसं म्हणेल व्हतं, नलू. पहिल्यांदा मीच.”

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलेल. ती म्हणाली, “अगं सिंधे, तुझ्या बापावर नानांनी दोन अंकांत लिहिलंय. बस इथे, वाचून दाखवते.”

सिंधूअक्का बसल्या. वाचून दाखवलं. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या आणि लोक जेवायला बोलावत होते, तरी उठत नव्हत्या.

आता मी परत मिसिसॉगात आहे. पारसभाऊ सगळे गठ्ठे स्कॅन करायला तयार झालेत. धुळ्याहून, नंदुरबारहून, अगदी सुरतहून लोक त्यांना फोन करतात, आमच्या आजोबांची टर उडवलीय का बघा, म्हणून. उडवलेली निघाली की पेढे घेऊन येतात.

मला इतकी वर्षं वाटायचं, घर म्हणजे तिथे आपली वाट बघणारं कोणी असणं. ते आहेच. पण आता मला आणखी एक कळलंय. इथे माझा सगळे मान ठेवतात, माझं नाव नीट उच्चारायचा प्रयत्न करतात, वाढदिवसाला कार्ड देतात. माझी खोडी काढण्याइतकं मात्र मला इथे कोणी ओळखत नाही. माझी चाल, माझा कंजूषपणा, माझी पळवाट ज्यांना पाठ आहे, ते माझं घर.

दर रविवारी आई फोनवर खानदेशीत एक मजकूर सांगते, मी टाइप करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकते. सहीला ‘ठमी उलटवाचे’. दोन चुलत भाऊ रुसलेत, एका मामींनी ग्रुप सोडला आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. गेल्या रविवारचा मजकूर माझ्यावर होता. मी तो मार्गरेटबाईंच्या ग्रुपमध्ये उभी राहून वाचला, इंग्रजीत नंतर, आधी खानदेशीत, कोणाला एक शब्द कळत नसताना, शेवटपर्यंत.