नवरदेवाची तालीम

असोद्यात ज्याच्या दारात ट्रॅक्टर त्याला मान, ज्याच्या दारात म्हैस त्याच्याकडे चहा. पितांबरच्या दारात घोडी बांधली गेली, तेव्हा त्याच्याकडे काय मागायला जावं हेच गल्लीला कळेना.

घोडी वरातीला द्यायची, असा त्याचा बेत. पण ती इतकी भित्री, की शेजारी कुणी शिंकलं तरी दावं तोडायची. बायको गुंताबाईचं माहेर धुळ्याकडचं, राग आला की बोलीही माहेरची. तिने बजावलं, "यंदा एक तरी वरात धड करी दखाडा. नही ते सारंगखेडाना घोडाना बजारमा तुमनी घोडी इकी टाकसू."

घोडी विकायची म्हटल्यावर पितांबर हादरला. शिकवणीचं सामान विकत घ्यायची ऐपत नाही, म्हणून घरातलंच काढलं. ठिबकच्या जुन्या नळ्या खुंट्यांना बांधून गोल रिंगण केलं. पाय उचलायला शिकावं म्हणून केळीची खोडं आडवी टाकली, ती घोडीने खाल्ली. मग पाइप टाकले. तेलाच्या डब्यात खडे भरून बँड तयार झाला. पितांबर डबा वाजवत पुढे, घोडी मागे, आणि कुंपणापलीकडे बायांची रांग.

"भाऊ, नवरदेव कोण?" एकीने विचारलं.

"आधी घोडी तयार होऊ दे, मग बघू."

घोडी खरंच तयार झाली. डबा कानाशी वाजवला तरी डुलक्या घ्यायला लागली. बोदवडचे कापडवाले अमृतलालशेठ नातवाच्या वरातीसाठी तिला बघून खूश झाले. नवरदेवाने घोडीवर बसूनच मांडवाच्या दारातल्या तोरणाला काठी मारायची, हा त्यांच्या घरचा रिवाज. त्यांनी नातू रोनकला वर चढवलं. घोडी हललीसुद्धा नाही; रोनक मात्र तिच्या मानेला मिठी मारून बसला. उतरवायला दोन माणसं लागली.

"पितांबरभाऊ, राहू द्या," शेठ म्हणाले. "जीप सजवतो. लोक हसतील, पण पोरगा तरी शाबूत राहील."

गुंताबाईने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. पितांबरला त्या नजरेत सारंगखेड्याचा सगळा बाजार दिसला.

"शेठ, घोडी शिकली," तो घाईने म्हणाला. "आता नवरदेवाला पाठवा."

फवारणीच्या पाण्याचा निळा ड्रम निंबाच्या फांदीला आडवा टांगला. वर गोधडी, खाली सायकलच्या ट्यूबच्या रिकिबी. रोनक रोज यायचा. पितांबर दोर ओढून ड्रम हलवायचा, गुंताबाई डबा वाजवायची. आजी कुसुमलताबाई खुर्ची टाकून बसायच्या आणि नातू पडला की खालचा कडबा नीट करायच्या.

"पाठ सरळ, रोनकभाऊ," गुंताबाई ओरडायची. "सासरवाडीचे बघतायत."

"अजून कुठे बघतायत, काकू?"

"अहो, ही गल्ली काय कमी आहे का?"

वरातीच्या दिवशी बोदवडमध्ये बँड सुरू झाला. घोडी शांत. रोनक ताठ बसलेला, डोळे गच्च मिटलेले. वळणावर जरा हिसका बसला तसा तो म्हणाला, "भाऊ, दोर हळू ओढा."

"हळूच ओढतोय," लगाम धरलेला पितांबर म्हणाला. आपण अजून निंबाखालच्या ड्रमवरच आहोत, असं त्याने रोनकला वाटू दिलं.

मांडवाच्या दारात मात्र डोळे उघडावे लागले. रोनकने एकच उघडला. पहिली काठी नवरीच्या मामाच्या पगडीला लागली, दुसरी बरोबर तोरणाला. बँड जोरात वाजला. अमृतलालशेठने डोळे पुसले, आणि शेठच्या व्याह्यांनी तिथेच पुढच्या दोन वराती पक्क्या केल्या.

पितांबरने वळून बायकोकडे पाहिलं. गुंताबाई घोडीच्या कपाळाकडे बघत होती. तिथे पितांबरने बांधलेली जरीची पट्टी म्हणजे तिच्या लग्नातल्या शालूचा कापलेला काठ होता.

"डिझाइन छान आहे, अक्का," शेजारची बाई म्हणाली. "कुठून घेतलं?"

परतीच्या टेम्पोत बसल्यावर गुंताबाई म्हणाली, "सारंगखेडाले जानं शे."

पितांबरचा चेहरा पडला. "अगं, वरात तर निभावली ना."

"इकाले नही. घोडीकरता दुकानमाधलं सामान लेवाले," गुंताबाई म्हणाली. "अजून दोन वराती झायात, ते मना अंगवर लुगडं ऱ्हावाव नही."