हवेचा मिस्त्री

नत्थूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोहर्लीला पुतण्याकडे होतो. फोनवर त्यांची मुलगी वैशाली होती. "काका, बाबा गेले. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला... आणि मी पेपर घेऊन येईस्तोवर..." ऐंशीला टेकलेला माणूस, हातीपायी धड, कोणाकडून सेवा न घेता गेला. तक्रार करायला जागाच नव्हती. तरी मी अंगणात फोन धरून उभा राहिलो आणि चारचौघांसमोर रडलो. त्याला आता महिना झाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका जमिनीखालच्या कोळसा खाणीत आम्ही बरोबर नोकरी केली. मी ओव्हरमन, म्हणजे खाणीच्या एका भागावर देखरेख ठेवणारा, आणि ते मिस्त्री. पण घरं बांधणारे नव्हेत, हवेसाठी भिंती बांधणारे.

हे जरा समजावून सांगायला हवं. खाणीतली हवा मोठा पंखा खेचत असतो, पण हवा मोठी आळशी. जवळचा रस्ता दिसला की तिथूनच माघारी वळते, आत खपणाऱ्या माणसांची तिला काय पडली? म्हणून आडव्या बोगद्यांत विटांच्या भिंती घालायच्या, ये-जा लागते तिथे दारं बसवायची, तेव्हा कुठे ती शेवटच्या माणसापर्यंत पोचते. दारं नेहमी जोडीनं. एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. नत्थूभाऊंची भिंत पुरी झाली की ते बाटलीतल्या पाण्यानं कान ओला करायचे आणि तो ओला कान भिंतीजवळ धरून बोट बोट सरकत जायचे. कुठे बारीकशी हवा लागली की "इथी चोरी करून राह्यली" म्हणत पुन्हा थापी हातात. मी एकदा विचारलं, "काय सांगते भिंत?" म्हणाले, "तुमच्याच चुगल्या सांगते जी, दुसरं काय!"

एखाद्या भागातला कोळसा संपला की बसवलेलं सगळं काढून आणायचं कामही त्यांचंच. दारं, पत्रे, पडदे, विटासुद्धा. विटांवरचा जुना चुना ते स्वतः खरवडत बसायचे. पोरं वैतागायची, "भाऊ, नव्या येतील ना!" त्यावर त्यांचं ठरलेलं, "जुनीनं काय गुन्हा केला?" नत्थू मिस्त्री खाली काही टाकून येत नाही, अशी त्यांची ख्याती होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. चांगला उघड अभिमान, छाती पुढे काढून.

त्या ख्यातीला डाग लागला तो माझ्यामुळे. मी नवा ओव्हरमन, सर्टिफिकेट हातात पडून वर्षसुद्धा झालं नव्हतं. एक भाग बंद करायचा होता. सामान काढायची रीत अशी की सगळ्यात आतलं आधी, मग एकेक पाऊल मागे येत बाहेरचं. म्हणजे आतल्या माणसांची हवा शेवटपर्यंत टिकते. नत्थूभाऊ दोन जणांना घेऊन आत टोकाला पत्रे काढत होते. इकडे बाहेरच्या दारांच्या जोडीजवळ सामान न्यायचा टब, म्हणजे रुळांवरची लोखंडी गाडी, रिकामा उभा होता. रिकामा टब बघून माझी अक्कल चालली. म्हटलं, तेवढंच काम पुढे सरकेल. जोडीतलं एक दार उतरवून टबात घातलं आणि दुसरं जाता-येता आड येतं म्हणून दगड लावून उघडं ठेवलं. हवेला काय, हेच हवं होतं. ती तिथूनच परत फिरली.

आत नत्थूभाऊंना कानानंच खबर दिली. घामानं ओला असलेला कान गार लागेना, एवढ्यावरून त्यांनी ओळखलं. "सामान राहू द्या, चला," म्हणून दोघांना पुढे घातलं आणि बाहेर आणलं. दोघं धापा टाकत होते. नत्थूभाऊंनी उघडं दार पाहिलं, मला पाहिलं, पायानं दगड उडवला आणि दार ओढून घट्ट लावलं. आलापल्लीच्या सागवानाचं दार होतं ते, फळ्या त्यांनी स्वतः निवडलेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग मॅनेजर आले, आतल्या वायूचं माप घेतलं, आणि आता कोणी आत जायचं नाही, इथूनच भिंत घालून भाग बंद करा, असं ठरलं. "एवढं सामान आत कसं राहिलं?" त्यांनी विचारलं. मी टबातल्या दाराकडे बघत राहिलो. नत्थूभाऊ म्हणाले, "माह्याच हातून उशीर झाला, साहेब." त्या दारासमोर शेवटची भिंतही त्यांनीच बांधली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलं. म्हणालो, मी खरं सांगतो. ते म्हणाले, "तुमचं सर्टिफिकेट नवं आहे जी. माह्या नावाले काय होते? थोडे दिवस बोलतीन लोक." लोक थोडे दिवस नाही, चांगली काही वर्षं बोलले. मिस्त्री म्हातारा झाला, सामान टाकून आला, वगैरे. मी ऐकत राहिलो. हे लिहितानाही कान तापतात.

शेवटी त्यांच्या निरोपसमारंभात मी उठलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. नत्थूभाऊ भडकले. "काऊन सांगितलं जी? इतके वर्षं मी सांभाळलं अन् तुम्ही एका चहात सांडून टाकलं!" मग स्वतःच हसायला लागले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि हळूच म्हणाले, "दार मात्र चांगलं होतं." ते वाक्य माझ्या मनात रुतलं. पुढे वर्षानुवर्षं मी त्यांच्याकडे जात राहिलो, त्यांच्या बायकोच्या, सुमनबाईंच्या हातचा वडाभात खात राहिलो, पोटभर हसत राहिलो. पण हा माणूस आपल्यामुळे एक दार खाली टाकून आला, हे काही जात नव्हतं.

नत्थूभाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. मी सुमनबाईंजवळ बसलो आणि न राहवून ते दाराचं बोललो. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुमाले ते डोक्यात होतं? अजी, ते तर त्या दाराची तारीफ सांगत. कोणी म्हटलं का नत्थू मिस्त्री दार टाकून आला, तर म्हणत, टाकून नाई आलो, लावून आलो. तीन माणसं बाहेर आली त्या दारानं, आता राहू द्या त्याले आरामात."

थोड्या वेळानं मी निघायला उठलो. घरातली पुढची आणि मागची दोन्ही दारं सताड उघडी होती, माणसांची ये-जा होती ना. एरवी या घरात असं कधी झालं नव्हतं. खाणीची शिस्त नत्थूभाऊंनी घरीही चालवली होती आणि सुमनबाई जन्मभर त्यावरून त्यांना हसत आल्या होत्या, "घरात काय ग्यास भरला आहे?" आज त्या हसल्या नाहीत, नुसत्या मागच्या दाराकडे बघत होत्या. मी मागे गेलो, दार ओढलं, कडी घातली. कान ओला करून फटीशी धरला. कुठे हवा लागली नाही. मग पुढच्या दारानं बाहेर पडलो.