कौसामावशीचा नारळ

माझ्या हातून काय होऊन बसलं ते सांगते, पण आधी हातातला चहा संपवा. नाहीतर मधेच ठसका लागायचा.

मी अंगणवाडी सेविका. इतकी वर्षं गावातल्या बायांना एकच सांगत आले, लेकराला खाऊ घाला. आता वरून सांगणं आलं की काही लेकरांचं वजन नको तेवढं वाढतंय, त्यांच्या घरीही समजावा. बरं, समजावते. पण कोणत्या तोंडानं?

आमच्याकडं सोपान येतो. वय पाच, गाल गुळाच्या ढेपेसारखे. घर मागच्याच गल्लीत, तरी वाटेत कुणाच्या तरी ओट्यावर टेकल्याशिवाय पोचत नाही. आला की नुसती धाप. मला ते बघवत नव्हतं. आणि त्याची आजी कौसामावशी गोरेगावच्या आठवडी बाजारातून दर खेपेला पिशवी भरून बिस्किटं आणि तळलेले पोंगे आणणार, नातवासाठी.

वजनाच्या दिवशी सगळ्या बाया जमतात. म्हटलं, आज बोलायचंच. पण चारचौघींत मावशीला वाईट वाटायला नको, म्हणून आधी तिचा मान करावा. मी घरून नारळ नेला. सोपानचं वजन केलं, मावशीला पुढं बोलावलं, कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला आणि बोलायला लागले, "बायांनो, आज सोपानचं वजन सगळ्यांत जास्त भरलंय. म्हणून मला..."

पुढचं कोण ऐकतंय? टाळ्या पडल्या.

तुम्हीच सांगा, आपल्याकडं पुढं बोलावून नारळ कुणाला देतात? पहिल्या नंबरालाच ना? मग घरून निघताना मला हे सुचू नये?

"अवं मावशी, माझं ऐका तरी..."

"काय ऐकायचं ताई? समदं तुमच्यामुळंच झालं. तुमीच तर सांगत होत्या, खाऊ घाला म्हून."

संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं गावभर पेढे वाटले. पहिला माझ्या घरी.

दुसऱ्या दिवशी शेजारची रुक्मिण दारात हजर. "ताई, सोपानला काय चारत्यात ते आमाला काहून न्हाई सांगितलं? आमचं लेकरू काय सवतीचं हाय?"

"अगं, चारायचं नाही, तेच तर सांगायचं होतं."

"व्हय व्हय. तिला नारळ, आन् आमाला उपास. मीबी पोंगे आणून राहिले आता, बघा तुमी."

गल्लीतल्या आणखी दोघींनी पोंगे आणल्याचं कानावर आलं, तेव्हा मी कपाळावर हात मारला आणि उठून थेट मावशीचं घर गाठलं. सोपान उंबऱ्यावर बसला होता, तोंडात काहीतरी घोळवत.

"मावशी, ते बक्षीस नव्हतं. पोराचं वजन फार झालंय. एवढुशा जिवाला दोन पावलं चालवत नाही. त्याला खेळू द्या, पोंगे-बिस्किटं बंद करा आणि दवाखान्यात एकदा दाखवू. मी येते सोबत."

मावशीनं नातवाच्या पाठीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "धाप लागती खरी. मला वाटायचं, अंगानं भरलेलं लेकरू हाय, लागनारच. बराबर हाय तुमचं, उद्याच जाऊ." आणि एकदम माझ्याकडं वळली. "पर मंग नारळ काहून दिला वं?"

मी म्हटलं, "चुकलं माझं. द्या तो परत."

"आता कुठला परत? त्याच्या साखर घालून वड्या केल्या. ती शेवटची त्याच्याच तोंडात हाय."

आता सोपानचं वजन उतरवायचं काम माझ्याकडं आहे. त्यातलं पावशेर तर मीच चढवलंय.