पाक हमदान आणि गाणारे टायर

६ फेब्रुवारी २०१८ या दिवशी मी १,९४० रिंगिटच्या खर्चावर सही केली. कंपनीच्या मर्सिडीजचे चार टायर, दर नगास ४८५, बसवणी आणि बॅलन्सिंगसह. चिनी नववर्ष दहा दिवसांवर आले होते आणि मलेशियातल्या इपोह शहरातला प्रत्येक माणूस गावाला जाण्याआधी गाडीचे काही ना काही बदलून घेत होता. त्या धांदलीतही मी नियमाप्रमाणे तीन दुकानांची दरपत्रके मागवली आणि सर्वांत कमी दराचे टायर घेतले. वर सत्तर हजार किलोमीटरची लेखी हमी. मी स्वतःवर खूश होतो.

गाडी चालवणारे पाक हमदान, म्हणजे मलय रीतीने हमदानकाका, खूश नव्हते. त्यांना ८३० वाले हवे होते. कारण विचारले तर म्हणाले, "मऊ असतात." मऊपणासाठी आमच्या नियमावलीत कलम नव्हते.

आमचा कारखाना पुठ्ठ्याची खोकी बनवतो. मी तिथे हिशेब पाहतो. मालकीण मॅडम कोय, वय चौऱ्याहत्तर. पाक हमदान त्यांच्याकडे सत्तावीस वर्षे आहेत. त्याआधी ते सितियावानहून अंड्यांची लॉरी चालवत. एकदा मॅडमचे यजमान त्या लॉरीच्या मागे अडकले. जुना रस्ता, खड्डेच खड्डे, पुढे जायला जागा नाही. वीस किलोमीटर मागून येताना त्यांच्या लक्षात आले की लॉरी हलते आहे, पण अंड्यांचे ट्रे हलत नाहीत. इपोहच्या बाजारात त्यांनी ड्रायव्हरला गाठले, किती अंडी फुटली ते विचारले. तीन, आणि त्यातली दोन भरतानाच फुटलेली होती, असे उत्तर आले. दुसऱ्या महिन्यापासून पाक हमदान आमच्याकडे.

या माणसाने सत्तावीस वर्षांत हॉर्न वाजवल्याचे मला आठवत नाही. गाडीत रेडिओ लावत नाहीत. बोलतातही बेताने, सुंगाई सिपुतला घरी चार मुली आहेत, त्यामुळे बोलायची पाळीच येत नाही, असे त्यांचे म्हणणे.

दर गुरुवारी मॅडम पेनांगला बहिणीकडे जातात. मुख्यतः गाडी त्याच कामासाठी ठेवलेली आहे. एरवी घर ते कारखाना हे अंतर चालत जाण्याचे. नववर्षाची सुट्टी संपली आणि एका सकाळी मॅडमनी मला बोलावून सांगितले की आता प्रवास झेपत नाही. डोके भणभणते, वय झाले. चिंग मिंगला, पितरांच्या सणाला, यजमानांच्या थडग्यावर जाऊन आले की गाडी विकून टाकू, काय किंमत येईल ते काढून ठेव.

हे मी पाक हमदानना सांगितले तेव्हा ते गाडी पुसत होते. फडके हातातच राहिले. त्यांना सत्तावन्नावे लागले होते. त्या वयाच्या ड्रायव्हरला इपोहमध्ये कोण ठेवतो?

"वय नाही झालं त्यांचं," ते म्हणाले. "टायर गातात, एन्सिक." मला ते एन्सिक म्हणतात, म्हणजे साहेब.

"नवे टायर थोडे वाजतातच. बसतील हळूहळू."

मग त्यांनी गाडीतली किलोमीटरची वही आणली. ती वही दर महिन्याला मीच तपासतो. तारीख, कुठून कुठे, किती पेट्रोल, किती टोल. आणि उजवीकडे एक मथळा नसलेला रकाना, ज्यात फक्त गुरुवारी आकडा असतो. इतकी वर्षे मला वाटायचे, टायरमधल्या हवेचा काही हिशेब असेल.

"ही मॅडमची झोप," ते म्हणाले. "किलोमीटरमध्ये."

यजमान गेल्यापासून मॅडमना घरी झोप लागत नाही, हे सगळ्या कारखान्याला माहीत होते. गाडीत लागते, हे फक्त पाक हमदानना माहीत होते. मेनोरा बोगदा ओलांडला की मान कलायची, ती थेट जुरूच्या टोलनाक्यापर्यंत. जानेवारीचे आकडे होते ८८, ९४, ७९, ९१. नव्या टायरनंतरचे: ११, ०, ६, ०.

असा खुलासा मला आयुष्यात कोणत्याही विभागाने दिला नव्हता.

मी म्हणालो, हे सरळ मॅडमना दाखवू. पाक हमदाननी वही मिटून काखेत मारली. मॅडम आपण झोपतो हे मानतच नाहीत. त्या डोळे मिटून धंद्याचा विचार करतात. कोणी मागे वळून झोप मोजतो आहे असे एकदा कळले की संपलेच, पुन्हा डोळा लागायचा नाही. म्हणून टायर बदलायचे, पण झोपेचे नाव काढायचे नाही, असे ठरले.

आह चुआनचे टायरचे दुकान कारखान्यापासून दोन चौक पुढे आहे. आमचा कमी दराचा पुरवठादार तो नव्हता, त्यामुळे त्याने आमचे टायर पाहताना घाई केली नाही. नखाने रबर टोचून पाहिले. टोचले जात नव्हते.

"बॉस, सत्तर हजार किलोमीटर चालेल की हे," तो मला म्हणाला. "दगडसुद्धा चालेल. म्हातारीच्या पायात तुम्ही बांधकामावरचे बूट घातलेत."

पाक हमदान छताकडे पाहत राहिले. ८३० वाले टायर नववर्षाच्या गर्दीत संपले होते. त्या मापाचे दोन प्रकार शिल्लक होते. एक ७६० चा, पावसात उत्तम पकड. दुसरा ८९० चा, शांत, पण रबर इतके मऊ की दोन वर्षांत गोटा होईल. दोन्हीचा एकेक संच दाखवण्यासाठी रिमवर चढवून ठेवलेला होता. आह चुआन म्हणाला, घेऊन जा, फिरवून बघा, मातीत घालू नका म्हणजे झाले.

मला वाटले, पाक हमदान फिरवून येतील आणि सांगतील. पण त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

"पुढं बसून काय कळणार? झोप मागं येते."

मी रोज चालवतो ती माझी छोटी गाडी. मर्सिडीजला हातही लावला नव्हता. पाक हमदान मागे डाव्या बाजूला, मॅडमच्या जागी बसले. जोडे काढले. मॅडमची उशी मानेमागे घेतली, त्यांची शाल गुडघ्यांवर पसरली. मी आरशातून पाहिले तेव्हा मिशीवाल्या मॅडम कोय डोळे मिटून बसल्या होत्या.

पहिला संच ७६० चा. इपोह उत्तरच्या नाक्यावरून महामार्गाला लागलो, नव्वदवर आणली. मला काहीच ऐकू येत नव्हते. पाच मिनिटांनी मागून आवाज आला.

"मागचं डावं बोलतंय."

"काय बोलतंय?"

"तक्रार नाही. नुसतं पुटपुटतंय. आणि एन्सिक, ब्रेक असा मारू नका. अंडी फुटतील."

बोगद्यापलीकडून परत फिरलो. ते एकदाही पेंगले नाहीत. पूर्ण वेळ माझ्या ड्रायव्हिंगवर बोलत होते. सत्तावीस वर्षांत त्यांचे एवढे बोलणे मी ऐकले नव्हते.

दुसरा संच चढवला. यावेळी बोगद्यापर्यंत त्यांनी दोनच सूचना केल्या. बोगद्यातून बाहेर पडल्यावर एकही नाही. मला वाटले माझे ड्रायव्हिंग सुधारले. मग घोरण्याचा आवाज आला.

कुआला कांगसारला वळून परतायचे ठरले होते. पण फाट्यावर वळायचे म्हणजे वेग कमी करायचा, टोलवर थांबायचे, खिडकी उघडायची. ते जागे झाले असते आणि आकडा बिघडला असता. मी सरळ जात राहिलो. कामाचा दिवस, तिमाहीचे हिशेब टेबलावर पडलेले, आणि मी कंपनीच्या ड्रायव्हरला मागे झोपवून ताइपिंगच्या दिशेने निघालेला. ताइपिंगच्या नाक्यावर मात्र थांबावेच लागले. पाक हमदान दचकून उठले, बाहेर पाहिले, पाटी वाचली.

"किती?" त्यांनी विचारले.

"अठ्ठेचाळीस."

"माझा आकडा हा. म्हणजे मॅडमचा याच्या दुप्पट धरा," ते म्हणाले, आणि जोडे शोधू लागले. मग आम्ही ताइपिंगला भात खाल्ला आणि परतताना गाडी त्यांनी चालवली. झोप मलाही लागली.

खर्च ३,५६० रिंगिट. तीन हजारांच्या वरच्या चेकवर मॅडमच स्वतः सही करतात. मी कागद पुढे ठेवला. पाक हमदान किल्ली परत द्यायच्या निमित्ताने दारात उभे होते.

मॅडमनी चष्मा चढवला. सहा आठवड्यांपूर्वीच टायर घेतले ना, म्हणाल्या. झिजले का? नाही. फुटले? नाही.

"मग?"

"आवाज करत होते, मॅडम."

"मला कसला आवाज आला नाही. आणि विकायच्या गाडीला नवे टायर कशाला?"

इथे एक वाक्य बोललो असतो तर काम झाले असते, पण ते बोलायचे नव्हते. दारातले पाक हमदान स्वतःच्या बुटांकडे पाहत होते. मी म्हणालो की टायर निवडण्यात माझी चूक झाली. मी दर पाहिला आणि हमी पाहिली, गाडीत कोण बसते ते पाहिले नाही. पाक हमदाननी तेव्हाच दुसरे सांगितले होते, मी ऐकले नाही.

मॅडमनी पेनाचे टोपण काढले.

"जुन्यांचे किती आले?"

"आह चुआन नऊशे देतो."

"म्हणजे एक हजार चाळीसचं नुकसान. चूक तुझी म्हणतोस, तर पैसेही तुझे, नायगम. महिन्याला शंभर काप." आणि त्यांनी चेकवर सही केली. "चिंग मिंगपर्यंत तेवढे वापरू."

बाहेर आल्यावर पाक हमदान म्हणाले, अर्धे मी देतो. मी नको म्हटले. त्यांनी मागितलेले टायर नाकारले होते ते मी.

२२ मार्च, गुरुवार. पेनांगच्या बँकेत कागद द्यायचे होते म्हणून मीही पुढच्या सीटवर होतो. मॅडम निघतानाच कुरकुरत होत्या, आता या फेऱ्या पुरे झाल्या. बोगदा आला, गेला. पाक हमदानचे डोळे एकदा आरशाकडे, एकदा किलोमीटरच्या आकड्याकडे. मागून पर्स घसरून खाली पडल्याचा आवाज आला. कोणी उचलली नाही. माझ्या नाकात शिंक आली होती, ती मी कुआला कांगसारपासून जुरूपर्यंत दाबून धरली. पाक हमदान श्वाससुद्धा बेताने घेत होते. ट्रकच्या मागे राहिले, ओलांडला नाही.

जुरूच्या नाक्यावर मॅडम सरळ झाल्या. केस सारखे केले, पर्स उचलली, खिडकीबाहेर पाहिले.

"रस्ता नवा केलेला दिसतो," त्या म्हणाल्या. "निवडणूक जवळ आली की करतात."

"हो, मॅडम," पाक हमदान म्हणाले.

"पुढच्या गुरुवारी अर्धा तास लवकर निघू. विचार करायला बरं पडतं."

पेनांगच्या पुलावर समुद्राकडे पाहत मी मनसोक्त शिंकलो. बहिणीच्या घरी मॅडम आत गेल्यावर पाक हमदाननी वही काढून मथळा नसलेल्या रकान्यात लिहिले: ९७. चिंग मिंग आले, गेले. गाडीच्या किमतीचा कागद माझ्याकडे अजून कोणी मागितलेला नाही. गाडी पाक हमदानच चालवतात. माझ्या पगारातून शंभर कापले जातात त्या दिवशी त्यांच्या घरून केळीच्या पानात भाजलेला चिकट भात येतो; त्यावर आम्ही दोघे काही बोलत नाही.

जानेवारी २०१९ पर्यंत दहा हप्ते झाले. फेब्रुवारीअखेर मी निवृत्त होतो आहे. चाळीस रिंगिट अजून देणे आहे.