मालगुजारांची पैज

माझ्या मालकानं, म्हणजे गावच्या जमीनदार मालगुजारानं, शेजारच्या मालगुजाराशी पैज मारली. दिवेलागणीपर्यंत गोंदिया ते नागरा फेऱ्या मारत राहायच्या. पेट्रोल-पाण्याखेरीज ज्याची मोटर आधी थांबेल, तो हरला. दोन मोटरी, अन् आम्ही दोन ड्रायव्हर. दुपारपर्यंत धूळ दातांत करकरायला लागली, पाय बधिर झाला. पैज पाहायला रस्त्याकडेला घातलेल्या मांडवाजवळून जाताना पाहतो तर दोन्ही मालक एकाच पंगतीत हसत जेवून राहिले होते. आम्हाला थांबवायचं कोणाच्या ध्यानातच नाही!

दुसऱ्या ड्रायव्हरनं मोटर बाजूला आणली अन् ओरडला, "त्यायची तं सोयरीक जुळली! आता कायले पळवून राहिला बे? थांब ना!"

माझं डोकं भणाणलेलं. म्हटलं, "पहिले तू थांब."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, अन् दोघांनीही अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला.