उपग्रह दुपारी येतो, जेऊर संध्याकाळी पेटतं

जेऊरच्या माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, दमा आहे. गेल्या महिन्यात सकाळीच धाप लागली आणि दवाखाना गाठावा लागला. त्या दिवशी मोबाईलवर जेऊरच्या हवेचा अंदाज होता 'चांगली'. तो वाचूनच ती बाहेर पडली होती. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

अंदाज देणाऱ्यांना मी खरमरीत पत्र पाठवलं. तिथल्या संशोधक बाईंचा फोन आला.

"त्या भागात आमचं यंत्र नाही. उपग्रह दुपारी वरून जातो. तेव्हा आग दिसली, तरच धूर गणितात येतो."

"आणि नंतर पेटली तर?"

"कुणी वेळा लिहून दिल्या तर घेता येईल."

मी वही घेतली.

सोलापूरहून जेऊरला रेल्वेनेच जावं. चहा कुर्डुवाडीला उरकावा. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दोन दिवस काही बिघडत नाही.

दुपारी शिवार स्वच्छ होतं. उन्हं कलली आणि तोडलेल्या उसाचं पाचट पेटू लागलं. पहिली काडी लावली सुमनच्या यजमानांनी, शिवाजीरावांनी.

"दुपारी का नाही पेटवत?"

"अक्का, दुपारी वारं असतंय. शेजारचा उभा ऊस जळंल की!"

बरोबरच होतं त्यांचं. पण वारं पडलं की धूरही हलत नाही. सकाळपर्यंत जमिनीलगत बसून राहतो. घरात सुमन खोकत होती.

शेजारचे शेतकरी वहीत डोकावले. "नावं लिवताय व्हय? उद्या दंड आला म्हंजे?"

चार नावं लिहून झाली होती. शाळेत हजेरी घेतल्याची खोड. पान फाडून त्यांच्याच हातात दिलं. "आता वेळ सांगा. संध्याकाळची आग उपग्रहाला दिसत नाही."

"लिवा, साडेसहा. पण वरनं दिसत न्हाय, तर त्यो सोडलाय कशाला?"

"दिसावं म्हणूनच विचारतेय."

दुसऱ्या संध्याकाळी लोक स्वतःहून हाका मारू लागले, "बाई, आमचं ऱ्हायलं की!"

घरी आले. साडीचा धुराचा वास दोन धुण्यांत गेला. अंदाज सुधारेपर्यंत सुमनसाठी एक नियम घालून आले: सकाळी मोबाईल नंतर, आधी नवऱ्याला विचारायचं, काल कुणी पेटवलं?

संशोधक बाईंच्या हाती दिलं ते असं. वही एक. दोन संध्याकाळच्या नोंदी: शिवाराचा भाग, वेळ, वाऱ्याची दिशा. शेतकऱ्यांची नावं नाहीत. अपवाद एकाच नावाचा, तोही त्या माणसाच्याच आग्रहावरून. पहिली नोंद: शिवाजीराव, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटं. खाली त्यांची सही.