टोचणारं केंद्र

आमच्या मोठ्या जाऊबाई शब्दकोशाच्या कचेरीत एकोणतीस वर्षं शब्दांची कुळं शोधत आल्या. माणसांच्या कुळांत त्यांना रस नाही. माझं माहेरचं आडनाव त्या अजून चुकवतात.

निवृत्तीला चार दिवस उरले आणि 'केंद्र' अडलं. शब्द ग्रीक 'केन्ट्रॉन'वरून संस्कृतात आला, तिथून मराठीत, इथवर ठीक. पण 'केन्ट्रॉन' म्हणजे बैलाला टोचायची पराणी, नाहीतर मधमाशीची नांगी. ती वर्तुळाच्या मधोमध कशी जाऊन बसली? संपादकांनी त्या शब्दाच्या नोंदीच्या कार्डावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'सोमवारपर्यंत मधला दुवा न मिळाल्यास व्युत्पत्ती अनिश्चित, असं छापू.'

"माझ्या एकाही कार्डावर आजवर 'अनिश्चित' पडलेलं नाही," जाऊबाई जेवताना म्हणाल्या.

"पडू दे की एकदा. जग बुडतंय का?" त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. स्वतःचा चष्मा कुठे ठेवलाय हे तुम्हाला निश्चित सांगता येत नाही!"

रविवारी मी गोल टेबलासाठी कापड बेतत होते. मधोमध टाचणी रोवली, तिला दोरा बांधला, दोऱ्याच्या टोकाला खडू. अर्धं फिरवलं आणि टाचणी निसटली.

"गेलं मेलं सगळं वाकडं!"

जाऊबाई उठून आल्या. "पुन्हा रोव. घट्ट. हं, फिरव आता." खडू फिरत होता, पण जाऊबाई टाचणीकडेच टक लावून पाहत होत्या. "अगं, टोचलं तिथंच मध्य!"

"मग काय कडेला असणार?"

सोमवारी त्यांनी कचेरीतला जाडजूड ग्रीक कोश उघडला. आजवर त्या जुन्या कार्डावरच्या दोनच अर्थांवर विसंबल्या होत्या. कोशात खाली, बारीक अक्षरात, आणखी होते: कंपासाचा एका जागी रोवलेला पाय, आणि वर्तुळाचा मध्यबिंदू. संपादकांनी दोनदा वाचलं आणि पेन्सिलीची ओळ खोडरबरानं पुसली.

"आमच्या घरच्या टेबलक्लॉथचाही दाखला देऊ का?" जाऊबाईंनी विचारलं.

"नको. छापील पुरे."

घरी येताच पर्स खांद्यावर तशीच ठेवून जाऊबाई म्हणाल्या, "आपल्याकडे हा शब्द ग्रहताऱ्यांचं गणित मांडणाऱ्यांनी आणला, हे ठाऊक आहे. पण त्यांच्यातला पहिला कोण? अहो, ऐकताय ना?"

निवृत्तीनंतरचं आपलं काही खरं नाही, हे भावजींना तेव्हा कळलं असावं. ते चष्मा शोधायला उठले.